टाचेचा रिपोर्ट नॉर्मल

२५ सप्टेंबर २००६, सोमवार
उजव्या चपलेतून ड्रॉइंग पिन निघाली. कालपासून टाचेत रुतली होती म्हणे. मला पत्ता नाही. विद्युलता म्हणाली, अहो, पायाला आग लागली तरी तुम्हाला उद्याच्या पेपरात वाचून कळेल. बायकोला सहनशक्तीची कदर नाही. एवढ्या वर्षांचा मधुमेह, कधी हूं की चूं केले नाही. चेन्नईच्या बँकेत हिंदी अधिकारी म्हणून टिकलेला माणूस पिनेला काय भिणार?
हळद लावली.
संकल्प: येत्या पौर्णिमेला तिरुवण्णामलैच्या डोंगराला अनवाणी प्रदक्षिणा. सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवले आहे. आता माघार नाही.

३ ऑक्टोबर
टाच सुजली. विद्युलतेने अण्णा नगरात डॉ. धनलक्ष्मींकडे ओढत नेले. एक्स-रे. रिपोर्ट: नॉर्मल.
तरी बाईंचे समाधान नाही. म्हणाल्या, साखरेने पायाची जाणीव गेली आहे, हाडात जंतू शिरले असतील तर एक्स-रेत आत्ताच दिसायचे नाहीत. एमआरआय करा, पाय टेकू नका. मी विचारले, मग नॉर्मल लिहिता कशाला? म्हणाल्या, सार, फिल्मला उशिरा कळते. टाचेला संस्कृतात पार्ष्णी म्हणतात, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी एमआरआयखाली आणखी एक रेघ मारली.
एमआरआय पौर्णिमेनंतर. फिल्म खिडकीच्या काचेला लावली. टाच भरदार दिसते. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

७ ऑक्टोबर, पहाटे
प्रदक्षिणा फत्ते! जरासुद्धा दुखले नाही. सोबत शेजारचा श्रीवत्स. तंजावरच्या मराठ्यांपैकी, पण पायांत दोन-दोन मोजे. वाटेत मागून म्हणाला, अण्णा, तुमच्या दर पावलाला रस्त्यावर डाग पडतोय. म्हटले, कुणाचे तरी कुंकू सांडले असेल.  थोड्या वेळाने तो स्वतःचे मोजे काढून देऊ लागला. घेतले नाहीत.

१२ ऑक्टोबर
ताप. हवा बदलली आहे.
विद्युलता म्हणते, खोलीत वास येतो. खाली इथल्याच कोवलम किनाऱ्याची मासळी घेऊन बाई बसते, तिचा असेल. विद्युलता म्हणाली, ती चार दिवस आलेली नाही.
संकल्प: उद्यापासून कडुनिंबाच्या पाण्यात पाय.

१६ ऑक्टोबर
आज विद्युलता भांडली नाही. नुसती रिक्षा घेऊन आली. हे बरे लक्षण नव्हे.
एमआरआय. नळीत घालून कानाशी हातोडे मारतात. मी आत 'राम' शब्द सातही विभक्तींत चालवला. षष्ठीला अडकलो. असे कधी झाले नव्हते.
डॉ. धनलक्ष्मींनी फिल्म उजेडावर धरली. टाचेच्या हाडाचा मगज पांढरा दिसायला हवा, तो काळा. आज नवा एक्स-रेही काढला. त्यात हाडाचा मागचा कोपराच नाही, उंदराने कुरतडल्यासारखा. मी विचारले, मशीन जुने आहे का? बाईंनी विद्युलतेकडे पाहिले. माझ्याकडे नाही.

१८ ऑक्टोबर
सर्जन गजेंद्र. माणूस सज्जन, पण घाईचा. म्हणतो, टाच वाचायची नाही, विष वर चढते आहे, गुडघ्याखालून काढू. मी म्हटले, दिवाळी होऊ द्या. म्हणाला, सार, तुम्हाला दिवाळी दिसावी म्हणूनच उद्या. मी बॅगेतून जुना एक्स-रे काढून दाखवला. नॉर्मल. त्याने शांतपणे पाहिला, चांगला आहे म्हणाला, आणि परत दिला.
सही विद्युलतेने केली.  ताप.

४ नोव्हेंबर
घरी. रजेचा अर्ज, कुबड्या, डाव्या पायाची रोज तपासणी: सगळे आखून ठेवले आहे. नसलेल्या टाचेत रात्रभर ठणका. इतकी वर्षे जाणवली नाही ती आता जाणवते आहे.
श्रीवत्स येऊन गेला. नव्या मोज्यांचा जोड ठेवून गेला. जोड आहे हे दाराबाहेर गेल्यावर त्याच्या लक्षात आले असावे. जिन्यात बराच वेळ पाऊल वाजले नाही.
विद्युलतेने विचारले, खिडकीवरची ती फिल्म काढू का?
राहू दे म्हटले. उन्हात छान दिसते. आख्खी आहे. उजवी टाच आता घरात तेवढीच.