मोंतेग्रीमोच्या ठणठणीत लोकांची हकिकत

मोंतेग्रीमो
नोव्हेंबर, ऑलिव्ह झोडपायचे दिवस

ती. दादाला मनेनाचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरोखर वाकले तर मला सरळ करायला दोन माणसं लागतील, आणि या गावात दोन माणसं एका वेळी एका जागी सापडायची तर कुणाची तरी प्रेतयात्रा असावी लागते.) वहिनींना सप्रेम. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे समुद्रापार रोसारियोत आता उन्हाळा लागत असेल; तुम्हा लोकांचं सगळंच उलटं. आम्ही इकडे मजेत आहोत. 'मजेत' हा शब्द माझा नाही, सरकारचा आहे. तो आमच्या डोक्यावर कसा येऊन आदळला तेच सांगायला पत्र लिहायला घेतलंय, तेव्हा चष्मा लाव आणि खुर्चीत नीट टेकून बस.

आपल्या लिगुरिया प्रांताचं काय चाललंय असं तू दर नाताळच्या पत्रात विचारतोस, जसं काही इथे काही चालत असतं. वर डोंगरात म्हातारे आणि रानडुकरं, खाली किनाऱ्यावर सुट्टीला आलेले मिलानवाले. त्यातली रानडुकरं निदान पिल्लं तरी घालतात. आपली शाळा बंद होऊन इतकी वर्षं झाली की शेवटच्या विद्यार्थ्याला आता टक्कल पडलंय. नवीन बांधकाम म्हणशील तर फक्त दफनभूमीत चालतं. तिथे मात्र चांगल्या, ऊन येणाऱ्या जागेसाठी वशिला लागतो. धंदा विचारशील तर म्हातारे सांभाळणं हा एकच धंदा उरलाय. इक्वेडोरच्या बायका म्हाताऱ्यांना सांभाळतात, म्हाताऱ्यांचं पेन्शन त्या बायकांना सांभाळतं, आणि म्हाताऱ्याने डोळे मिटले की दुकान बंद. आपला सरपंच ओरेस्ते (लंगड्या गिरणीवाल्याचा धाकटा, बाप निदान तेल तरी काढायचा, हा नुसता शब्द काढतो) याला 'स्थानिक अर्थव्यवस्था' म्हणतो. आजोबांनी रचलेले दगडी बांध दर पावसात ढासळतात, ते परत रचणारा कुणी नाही. जर्मन लोक येऊन पडक्या बांधाचे फोटो काढतात आणि 'अहाहा' करतात. बांध उभे होते तेव्हा कुणी कुत्रं आलं नव्हतं बघायला.

तर असल्या या स्वर्गात वसंतात जेनोव्हाहून एक बाई उतरली. तिच्या हातात काचेची पाटी, पायात शहरी बूट. प्रांतातल्या लोकांच्या 'जीवनाचा दर्जा' मोजायला तिला पाठवलं होतं. ती दारोदार फिरून तब्येत विचारायची. आता तुला आपली माणसं माहीत आहेत. एरवी कुणी 'कसं काय' विचारलं तर कपाळापासून टाचेपर्यंत सगळी दुखणी ऐकवल्याशिवाय सोडणार नाहीत. पण त्या बाईने पहिल्याच घरी एक चूक केली. सहज बोलून गेली, की खालच्या वाल्कुपा गावची माणसं काय ठणठणीत आहेत हो! झालं. वाल्कुपाचं नाव निघालं आणि मोंतेग्रीमोतली सगळी दुखणी एका दुपारी बरी झाली. शेजारची विधवा तेरेसिना, जिला खुर्चीतून उठायला तीन हाका लागतात, ती म्हणाली मी रोज जिन्याने गच्चीवर जाते. (तिच्या घराला गच्ची नाही.) तुझ्या मेहुण्याने, म्हणजे आमच्या जेपिनने, तर छाती पुढे काढून सांगितलं, "डॉक्टर? डॉक्टर कशाशी खातात ते मला माहीत नाही." आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना त्याची छाती स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ओळखीची होती! मी मध्ये बोलणार होते, पण बाई माझ्याकडे वळली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की मला झोप अगदी लहान बाळासारखी लागते. वाल्कुपाच्या बायकांना जळू दे, म्हटलं.

उन्हाळा लागता लागता निकाल आला. डोंगरातल्या सगळ्या गावांत मोंतेग्रीमोच्या लोकांच्या जीवनाचा दर्जा अव्वल! वर्तमानपत्रात छापून आलं. ओरेस्तेने चौकात फलक लावला, त्यावर ऑलिव्हचं झाड आणि स्वतःचा दात काढून हसणारा फोटो. पर्यटक यायला लागले. एका मिलानवालीने जेपिनला दीर्घायुष्याचं रहस्य विचारलं, तर तो म्हणाला, "बायकोचं ऐकायचं नाही." तिने ते लिहून घेतलं.

आणि मग सरकारचं दुसरं टपाल आलं. इतक्या निरोगी गावाला दवाखान्याची गरज दिसत नाही, सबब मोंतेग्रीमोचा दवाखाना वर्षअखेर बंद करून डॉक्टर किनाऱ्यावर हलवण्यात येत आहे. किनाऱ्यावर म्हणजे कुणासाठी, तर ऑगस्टात पाठ भाजून घेणाऱ्या आणि पाण्यातल्या काटेरी सागरी साळूवर पाय देऊन किंचाळणाऱ्या लोकांसाठी! तू गेलास तेव्हा इथे डॉक्टर नव्हता, तेव्हा यात नवीन काय, म्हणशील. पण तेव्हा आपण तरुण होतो, दादा. या वयात आठवड्यातून दोन वेळा डॉक्टर लुदोविकाबाई त्यांच्या खटारा मोटारीतून वर यायच्या, त्या दोन दिवसांवर आम्ही बाकीचे पाच काढायचो. मोठ्या इस्पितळापर्यंत नुसती वळणं. माणूस पोचेस्तोवर एक तर बरा होतो, नाही तर उरकतो.

ओरेस्तेने जुन्या शाळेत सभा बोलावली. दवाखाना बंद करण्याआधी तपासणीला जेनोव्हाहून एक साहेब येणार होते, त्राव्हेर्सो नावाचे. त्या दिवशी अख्ख्या गावाने आजारी असायचं, असं ठरलं. दादा, ज्या सरपंचाने तीन महिन्यांपूर्वी आम्हाला ठणठणीत म्हणून फलकावर चढवलं, तोच आता आम्हाला खोकायला शिकवत होता. "जेपिनकाका, असा नाही, खालून काढा, खालून!" माळ्यावरच्या काठ्या खाली आल्या. तेरेसिनाला काही शिकवायला लागलं नाही, तिला फक्त खरं वागायला सांगितलं, तर म्हणे मला जमणार नाही, लाज वाटते. एवढं सगळं ठरल्यावर कोपऱ्यातून पाद्रीबाबा म्हणाले, "तो दिवस संत बार्तोलोमेओचा आहे." सभा गार पडली. सरकारी कचेरीत संतांना कोण विचारतो! गावाच्या संताचा उत्सव, म्हणजे मिरवणूक, म्हणजे मोठा क्रूस. तो तुला आठवतोच. कातडी पट्ट्याच्या खोबणीत बसवून, हात न लावता, नुसत्या कंबरेवर तोलून न्यायचा. चांदीची पानं वर किणकिणतात आणि खाली उचलणाऱ्याच्या मानेच्या शिरा तटतटतात. शेवटी ठरलं की यंदा क्रूस देवळातच राहील, आणि मंडळी लंगडत, कण्हत नुसती चालतील. जन्मभर तो क्रूस वाहिलेला जेपिन त्या रात्री घरी येऊन जेवला नाही.

तो दिवस उजाडला. साहेब आले. बारीक, घामाघूम. त्यांना सावलीत खुर्ची दिली, शेजारी डॉक्टरीणबाई. समोरून आपलं गाव खोकत, लंगडत जायला लागलं. खोटं कशाला बोलू, सुरेख जमलं होतं. साहेब मान हलवत होते, ओरेस्ते डोळे पुसत होता. तेवढ्यात खालच्या वाटेने बँडचा आवाज आला. दरवर्षीप्रमाणे पाहुणे म्हणून वाल्कुपाची मंडळी त्यांचा क्रूस घेऊन वर येत होती! त्यांना कळवायचं राहूनच गेलं होतं. त्यांचा पुढारी बेर्तुमे (नाक तेच, बापाचं) आमच्या काठ्या बघून थांबला, चौकातल्या देवळाच्या दारात नुसत्या उभ्या असलेल्या क्रुसाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे मोंतेग्रीमोवाल्यांनो, उचलवत नाही का? असू दे, असू दे. आम्ही आमचा वरच्या देवळात ठेवून येतो, मग तुमचाही नेऊ. वयच झालं की तुमचं."

दादा, बँडसुद्धा थांबला. ओरेस्ते खुर्चीमागून जेपिनला हातवारे करत होता, नको, नको, दवाखाना, दवाखाना. जेपिनने एकदा माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. (बायकोचं ऐकायचं नाही, हे तो आधीच मिलानवालीला सांगून बसला होता.) त्याने काठी फेकली ती थेट सरपंचाच्या पायावर. पट्टा कमरेला कसला आणि ऐंशीला टेकलेला तो माणूस क्रुसाखाली शिरून असा सरळ उभा राहिला की पानं झणझणली. मग काय! काठ्याच काठ्या उडायला लागल्या. तेरेसिना खुर्चीतून हाकेशिवाय उठली. लंगडे, खोकणारे, कण्हणारे सगळे टाळ्या पिटत वरच्या देवळाच्या पायऱ्या चढायला लागले, आणि साहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. दवाखाना गेला, हे प्रत्येकाला कळत होतं आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. असल्या लोकांना काय म्हणावं, तूच सांग.

वरच्या पायरीवर जेपिन क्रुसासकट ऐटीत एक फेरी वळला, बेर्तुमेच्या नाकासमोरून. क्रूस दुसऱ्याच्या खोबणीत दिला, घाम पुसला, आणि आडवा झाला.

आम्हाला वाटलं, हा आता नाटक करतोय! ओरेस्ते तर खूश होऊन धावला, "शाब्बास काका, आठवलं वाटतं!" मीसुद्धा ओरडले, "ऊठ रे बाबा, आता काय उपयोग, साहेबांनी सगळं बघितलं." तो उठला नाही. आणि मला दिसलं की बेर्तुमे जवळ येऊन त्याच्यावर वाकलाय, आणि तरी हा डोळे उघडत नाही. दादा, बेर्तुमेसमोर हा माणूस नाटकातसुद्धा जमिनीवर पडून राहणार नाही. तेव्हा मी डॉक्टरीणबाईंच्या नावाने किंचाळले.

डॉक्टर लुदोविकाबाई त्या पायऱ्या कशा चढल्या ते मी बघितलं नाही. बघितलं तेव्हा त्या गुडघ्यावर बसून त्याची छाती दाबत होत्या, इतक्या जोरात की मला वाटलं मोडतील फासळ्या. (मोडल्याच, दोन. तो सगळ्यांना दाखवतो.) दवाखान्यातलं झटका द्यायचं यंत्र आणायला कोण धावलं असेल? बेर्तुमे! वाल्कुपाचा माणूस मोंतेग्रीमोच्या माणसासाठी धावताना मी या जन्मी बघितला, आता मरायला हरकत नाही. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला जेपिन खोकला. अगदी खालून, ओरेस्तेने शिकवला होता तसा. साहेब सलाईनची पिशवी वर धरून उभे होते, हेलिकॉप्टर येईपर्यंत त्यांनी हात खाली केला नाही. मी काय करत होते? मी त्याचा बूट काढून छातीशी धरून बसले होते. का, ते मला विचारू नकोस.

जेपिन महिन्याभराने घरी आला. आता हृदयात नळी आणि तोंडात तीच बडबड: सगळं नाटक होतं, गावासाठी केलं. त्राव्हेर्सो साहेबांनी वर कळवलं की हा दवाखाना बंद केला तर ते पाप होईल. दवाखाना राहिला. नवा रंग, नवी पाटी, रुग्णांना बसायला नवी बाकं. आणि त्याच साहेबांनी त्याच टपालात डॉक्टरीणबाईंची एवढी तारीफ केली, की जेनोव्हाच्या मोठ्या इस्पितळाने त्यांना ऑक्टोबरात उचलून नेलं. जाताना त्या रडल्या, आम्ही रडलो, खटारा मात्र एका दमात चालू झाला. तेव्हापासून आमच्याकडे दवाखाना आहे, बाकं आहेत, यंत्र आहे, डॉक्टर नाही. जाहिरात दिली. एकाने फोन केला, सिनेमागृह कुठे आहे विचारलं आणि ठेवून दिला. म्हणजे सरकारी हिशेबाने आम्ही आता निरोगीही आहोत आणि आमची सोयही आहे. आणखी काय हवं माणसाला?

तू वेळेवर बोटीत बसलास, शहाणा निघालास. इथे राहिलं ते सगळं मूर्ख आणि हट्टी. वहिनींना पुन्हा सप्रेम.

तुझी धाकटी
मनेना

ता. क. जेपिन म्हणतो, यंदाचं तेल इतकं चांगलं उतरलंय की तसं तुझ्या जन्मात खाल्लं नसशील. त्याला काही कळत नाही. पण तेल चांगलं उतरलंय.

ता. क. दुसरा. तुझी नात आगुस्तीना डॉक्टर झाल्याचं वहिनींनी कळवलं होतं. तिथे नोकरीचं अजून जमत नाही म्हणे. आपल्या रक्ताची आहे, कागदपत्रांची अडचण यायची नाही, असं ओरेस्ते सांगतो. मी काही आग्रह करत नाही. दक्षिणेकडची खोली नुसती रिकामी पडून असते. सकाळी खिडकी उघडली की समुद्रापर्यंत दिसतं, आणि संध्याकाळी खालून तव्यावरच्या हरभऱ्याच्या पिठाच्या फारिनाताचा वास येतो, एवढंच सांगते.

ता. क. तिसरा. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. तिच्यासाठी वेगळं लिहिते आहे, त्यात हवा, पाणी आणि माणसं यांची नीट माहिती असेल. उत्तर मात्र लवकर पाठव. डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली असताना जेपिन त्या खोलीला रंग द्यायला शिडीवर चढलाय, आणि मला खाली उभं राहून शिडी धरावी लागतेय.