पोटातली ओल

६ जानेवारी, मंगळवार

डबा आज पुन्हा तसाच परत. पोळी-भाजीला हातसुद्धा लावलेला नाही. विचारलं तर, "आय वॉजन्ट हंग्री, आई." पंधरा वर्षांच्या मुलीला भूक लागत नाही? या वयात मी मधली सुट्टी व्हायच्या आत मागच्या बाकावर डबा संपवायचे!

दिवाळीपासून हेच चाललंय. पोट फुगतं, जड वाटतं. तिच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. गिरीश म्हणतो, "टीनएजर आहे, सोड ना." सोड काय सोड! हा ऑफिसातून येतो तोवर रुहीचं "जेवण झालेलं" असतं. याला काय दिसणार?

९ जानेवारी

रुहीनंच उपाय काढला. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं म्हणे — पचनासाठी चिनी वैद्यक. सकाळी गरम पाणी, सगळं मऊ शिजवलेलं, थंड आणि कच्चं बंद. मला हसूच आलं. हेच माझी आई सांगायची तेव्हा "ईऽऽ, आजी!" आता फोननं सांगितलं तर पटलं.

पण पोरगी आपणहून पोटाचं बघतेय, तर मी कशाला मोडता घालू? बेलव्ह्यूच्या चिनी वैद्य डॉ. लिन यांची अपॉइंटमेंट घेतली.

१३ जानेवारी

डॉ. लिन साठीच्या असतील. हळू बोलतात, ऐकायला पुढे वाकावं लागतं. रुहीची जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली. म्हणाल्या, पोट म्हणजे चुलीवरचं पातेलं, आच मंद झाली की काही शिजत नाही. आणि आत "डॅम्पनेस" आहे. म्हणजे ओल! इथे रेडमंडमध्ये ऑक्टोबरपासून पाऊस, गॅरेजमध्ये ओल, कपाटात ओल, आता पोरीच्या पोटातही!

सकाळी आलं घालून तांदळाची पातळ पेज — त्या कॉन्जी म्हणतात. भाज्या शिजवूनच. बर्फाचं पाणी, दही, तळलेलं, गोड कमी. जेवताना फोन नाही आणि काळजीही नाही. काळजीनं प्लीहा बिघडते, आणि त्यांच्यात पचन तिच्याकडे म्हणे. माझी मग केव्हाच कामातून गेली असणार!

निघताना मला म्हणाल्या, "कमी नाही खायचं हं. गरम खायचं. तीन वेळा, पोटभर." रुही तेव्हा जॅकेट घालत होती.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ पुढे केला तर, "गूळ इज डॅम्प, आई." सणाच्या दिवशी ओल-बिल काय गं! चिडले. मग वाटी उचलून ठेवली. पथ्य म्हणजे पथ्य.

२० जानेवारी

पेज जमली बाई एकदाची. रुही थर्मास भरून शाळेत नेते. आणि येताना धुऊन आणते! लख्ख! या मुलीनं जन्मात कधी स्वतःचा डबा धुतला नव्हता. गिरीशला थर्मास उघडून दाखवला. आज जरा बरं वाटलं.

२५ जानेवारी

माझ्याकडे हळदीकुंकू. प्रीता म्हणाली, "रुही काय बारीक झालीय गं! मस्त दिसतेय. देतेस तरी काय?" मीही फुशारून पेजेची रेसिपी सांगत बसले. दोघींनी डॉ. लिनचा नंबर नेला.

सगळ्या गेल्यावर मीठमोहऱ्यांनी रुहीची दृष्ट काढली. मग तिचा हात हातात घेतला. मनगट कसलं, काडी! पचतंय तर अंगी का लागत नाही?

१ फेब्रुवारी

पोळी बंद. गहू डॅम्प. केळं थंड. दूध नाही, पनीर नाही, बटाटा नाही. "गहू डॉक्टरांनी कधी बंद केला गं?" "इट्स द सेम प्रिन्सिपल." पेजेत तांदूळ कमी घाल म्हणते. संध्याकाळी उशिरा खायचं नाही. भूक नसताना खायचं नाही. आणि भूक तर कधीच नसते! मग खायचं कधी? ओरडलेच मी. तिनं शांतपणे गरम पाण्याचा कप उचलला आणि वर निघून गेली.

गिरीश म्हणतो, "तूच नेलंस ना तिला?" हो, मीच नेलं! तू काय केलंस?

काही केल्या चैन पडत नाही.

४ फेब्रुवारी

स्वेटरवर स्वेटर घालते, तरी कुडकुडते. बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका. न राहवून डॉ. लिनना फोन केला. गव्हाचं विचारलं. "मी असं काही सांगितलं नाही," म्हणाल्या. मग एकदम — "तिला पाळी येते का?" मी म्हटलं, परीक्षा आहेत, टेन्शन आहे, पुढे गेली असेल. "कधीपासून?"

मला सांगता येईना. आई आहे मी, आणि मला माहीत नाही!

"तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. थांबू नका." सोमवारची वेळ मिळाली. रुहीला अजून सांगितलं नाही. भीती वाटते. कसली ते लिहवत नाही.

६ फेब्रुवारी

शाळेतून फोन. रुही जिममध्ये चक्कर येऊन पडली. इमर्जन्सीत नेलंय. गाडी कशी चालवली मला आठवत नाही.

नर्सनं विचारलं, आज काय खाल्लं? "पेज," मीच पटकन म्हणाले. "नो," रुही म्हणाली. थर्मास ती शाळेच्या सिंकमध्ये ओतायची. रोज. म्हणून धुतलेला असायचा.

नाडी फार हळू आहे. ठेवून घेतलंय. गिरीश भिंतीला टेकून उभा आहे, बसतच नाही.

८ फेब्रुवारी

इथल्या डॉक्टर म्हणाल्या, पोटात काही बिघाड नाही. कधीच नव्हता. मी तरी तेच धरून बसले — मग हिला भूक का लागत नाही? त्या म्हणाल्या, "तुम्ही तिलाच विचारलंय का?"

रोज विचारते की! दिवसातून दहादा विचारते!

९ फेब्रुवारी

आज विचारलं. घाई न करता, तिच्या पलंगावर बसून.

"लागते ना भूक. ऑल द टाइम, आई."

"मग?"

"आय लाइक इट. बीइंग हंग्री."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तेच म्हणाली.