अजगराची पुडकी

मंगळवार, ता. ४

– आणि सगळ्यांत आधी आली ती खालची शिंपीणबाईच! वाट बघत होते नातीची, दार उघडलं तर ही, गळ्यात टेप तशीच. म्हणे तुमच्याकडे कॉम्प्युटरवाल्या येणार ना, बघू तरी. मी म्हटलं, बघा. हिला बातमी लागली की हातातली शिवणसुद्धा उसवते.

दहाला नात आली. तिला आम्ही टिटवी म्हणतो, एकदा सुरू झाली की थांबत नाही. माझ्यावरच गेलीय. सोबत मैत्रीण – लांबडी. आल्या आल्या चौकटीला कपाळ आपटलं बिचारीचं.

कशाला आल्या ते लिहून ठेवते. ह्यांना झटका आला त्याला चौदा महिने झाले. वाचा गेली, उजवा हात गेला. डोकं शाबूत आहे, डोळ्यांत दिसतं ना. जन्मभर बसवर कंडक्टर होते. एक हाळी दिली की मागच्या दारातला माणूस दचकून पुढे सरकायचा. आता चिडीचूप. शिंपीणबाईने मोठ्या कागदावर मुळाक्षरं लिहून दिली होती. ह्यांचं बोट घसरायचं, माझा चष्मा घसरायचा. शेवटी ह्यांनी कागदच फाडला.

आणि एक रोजचं दुखणं. मी खोलीत गेले की डाव्या हाताने कॉटवर थोपटतात. मी चादर सारखी करते. परत थोपटतात. मी परत ताणते, कोपरे खोचते, सुरकुती म्हणून ठेवत नाही. मग रागावून तोंड भिंतीकडे. दिवसातून दहा वेळा तरी! काय खुपतं त्या चादरीत, एकदा कळलं तर सुटेन. कंबर मोडून गेली माझी.

तर टिटवीने एक प्रोग्राम लिहिलाय. पडद्यावर मोठाली अक्षरं. ह्यांनी डाव्या बोटाने दाबायची, शब्द झाला की यंत्र बोलणार. तो लिहिलाय पायथनमध्ये. पायथन म्हणजे काय विचारलं तर अजगर! म्हटलं बरं झालं, घरात तेवढाच राहिला होता.

आमच्याकडे नेट नाही. कॉम्प्युटरही मुलाने टाकून दिलेला जुनाच. म्हणून सगळं सामान पुडक्यांत बांधून, बोटाएवढ्या काडीत भरून आणलं होतं. यंत्राला आज्ञा अशी द्यायची म्हणे – बाहेर बाजारात शोधायला जाऊ नकोस, घरच्या पिशवीतच बघ. पण एकही पुडकं एकटं येत नाही. हे म्हणतं मला अमकं हवं, अमकं म्हणतं मला तमकं. तेही वाटेल ते चालत नाही, ठरावीक आकड्याचंच लागतं. मानपान काय विचारू नका. माझ्या सासरची माणसं बरी.

संध्याकाळी दोघींना परत जायचं होतं आणि यंत्र आपलं दळतंच होतं. टिटवी सांगून गेली, आजी, लाल अक्षरं आली तर शेवटची ओळ जशीच्या तशी वहीत उतरव आणि मला फोनवर वाचून दाखव. माझा फोन बटणांचा, त्यात फोटो निघत नाही.

बुधवार, ता. ५

लाल अक्षरं आली.

हीच वही घेऊन पडद्यापुढे बसले. इंग्रजी मला येत नाही, चित्रं काढावीत तशी अक्षरं काढली. जिन्याच्या खिडकीत उभी राहिले, तिथेच फोन लागतो. अक्षरं कशी वाचणार? म्हटलं, आधी उलटी टोपी, मग पोट सुटलेली काठी... तिकडे दोघी हसून हसून बेजार, पण अडलेल्या पुडक्याचं नाव बरोबर ओळखलं हो. आकडे मात्र मी ठणठणीत वाचले. दोन, एक, तीन. टिटवीने विचारलं, नक्की ना? म्हटलं अगं तिसरीपर्यंत शाळेत गेलेय, आकडे कळतात मला.

आज अकरा वेळा चादर.

गुरुवार, ता. ६

फार थकले. लिहवत नाही.

शनिवार, ता. ८

आल्या दोघी. लांबडी वाकून आली ह्या वेळेला. मी सांगितलेल्या आकड्याचं पुडकं घातलं. यंत्राने परत लाल तोंड केलं. लांबडी पडद्याला नाक लावून म्हणाली, ह्याला इतकं जुनं नकोय, नंतरचं हवंय. टिटवी म्हणाली, आजी, वही आण बघू.

टिटवीने मधल्या आकड्यावर बोट ठेवलं.

मग हळूच म्हणाली, “आजी, हा एक नाही गं. हा इंग्रजी नऊ आहे.”

मी पडद्यावरचं बघून 2.9.3 असंच काढलं होतं. फोनवरचा नऊ मला कळतो. पण माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, शेपटीवाला म्हणजे आपला मराठी एक! माझ्या एका आकड्यापायी ह्यांचा आवाज तीन दिवस दाराबाहेर ताटकळला. डोळ्यांत पाणीच आलं. टिटवीने जवळ घेतलं. म्हणाली, “उतरवलंस बरोबर, आजी. वाचलंस फक्त चुकीचं.”

लांबडी नाक्यावरच्या नेटवाल्याकडे जाऊन दोन-नऊ-तीन घेऊन आली. त्याच्यामागून बाकीची पुडकी मुकाट्याने आत गेली. टिटवीने दाबून बघितलं, यंत्र बोललं – “आजी.” आवाज बाईचा! बातम्या देते तसली. शिंपीणबाई म्हणाली, आता घरात दोन बायका, आजोबांचं काही खरं नाही.

सगळे भोवती उभे. ह्यांनी मात्र एक अक्षर दाबलं नाही. भिंतीकडे तोंड. टिटवी हिरमुसून गेली. एवढं करून पोरींनी काय मिळवलं?

रविवार, ता. ९

चार वाजता चहा दिला. घरात दोघंच. ह्यांनी आपणहून बोट उचललं. यंत्र बोललं, “बस.”

पुरे झाला वाटतं म्हणून मी कप उचलला. परत – “बस.” म्हटलं, अहो, आता कुठली बस, सुटलात ना त्यातून. जोरात मान हलवली. कॉटवर थोपटलं. मी चादरीला हात घातला. ह्यांनी तो बाजूला सारला, आणि किती तरी वेळ लावून, एकेक अक्षर शोधून, दाबलं.

“तू बस.”

चौदा महिने.

बसले.

टिटवी आणि लांबडी बुधवारी येतो म्हणून गेल्यात. चादर पार चुरगळलीय. राहू दे.