लॉजवाली, दवाखानावाली आणि तात्यांचं हसणं

गुरु. ९ जाने. ९७
भवानीनगर. कारखान्यावर बातमी नाही. गाळप सुरू, ऊस येतोय. हे छापून वाचणार कोण? दर गुरुवारी बारामतीहून चारची येष्टी धरण्यामागचं खरं कारण संपादकांना माहीत नाही. ते कारण म्हणजे तात्यांचा टीव्ही. आमच्याकडे केबल नाही. शिवाय सौ.च्या मते मी टीव्हीपुढे पेपर तपासायला बसल्यासारखा बसतो.

साडेसातला लॉजवाली मालिका, आठला दवाखानावाली. खरी नावं तात्या कधी ध्यानात धरत नाहीत, म्हणून आमची ही. पहिली हिंदी. थंड हवेच्या गावचा लॉज, मॅनेजर एकच खोली दोन बिऱ्हाडांना देतो, दर आठवड्याला. दुसरी मराठी. डॉक्टर बोर्ड लावून बसलाय, पेशंट येत नाही, कंपाउंडर रोज बाकडं पुसतो. पहिलीत न दिसणारी माणसं मागून हसतात. दुसरीत कुणी हसत नाही.

तात्या दोन्हीत हसतात. त्यांचे वडील मेंढरं राखायचे, माळाच्या पार पलीकडची मेंढरं नुसत्या आवाजावर वळवायचे. तो गळा तात्यांना आला आणि कारखान्याच्या लॅबमध्ये रस तपासण्यात तीस वर्षं फुकट गेला. आता रिटायर. पलीकडच्या शिंदेबाईंचा टीव्ही बिघडलाय. त्या भाकरी थापता थापता तात्यांच्या हसण्यावर हसतात.

आज हसू फाटलेलं होतं. वहिनी: "दोन म्हैनं झालं घसा बसून. डाक्टरकडं चला म्हणलं तर म्हंत्यात, बघतूय की दर गुरुवारी डाक्टर."

गुरु. १६ जाने.
तात्या मालिकांचा उतारा काढतात, उसाचा काढावा तसा. अर्धा तास गाळप, त्यातून हसू किती निघालं. लॉ. साडेअकरा टक्के. द. नऊ. "चोथाच लई," म्हणाले.

मी माझं पाठशाळेतलं शास्त्र काढलं. हसण्याचे प्रकार सहा. पहिलं स्मित; दात दिसू नयेत, आवाज होऊ नये, ते उत्तम पुरुषाचं. शेवटचं अतिहसित, अंग गदगदा, डोळ्यांत पाणी, कानठळ्या, ते अधमाचं. "तात्या, तुमचा नंबर शेवटचा."
"आरं शास्त्री, दात झाकल्यालं, आवाज न्हाय, मंग तुझा उत्तम मानूस मेल्यालाच असंल की!"

लॉ. त्यांना का आवडते? "हसायला सोबत लागती. एकटा हसला की लोक येड्यात काढत्यात." मला द. आवडते, कारण कुठं हसायचं ते ती सांगत नाही. कंपाउंडर पुसलेल्या बाकड्याकडे एकदा बघतो, बस्स. एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं. गेल्या आठवड्यात मॅनेजरनं दार मोडलं, या आठवड्यात दार धड. सुतार बोलावलेला नाही, कुणी विचारतही नाही. दर गुरुवारी सगळं पुन्हा पहिल्यासारखं.
"ह्येच खरं सुख हाय बघ," तात्या म्हणाले आणि पाच मिनिटं खोकले.

सोम. २० जाने.
बारामती. घशाच्या डॉक्टरकडे मीच नेलं. आत आरसा घालून बघितलं. बघताना डॉक्टर बोलत होते, बघून झाल्यावर पेन काढलं. पुण्याची चिठ्ठी. बाहेर बाकावर बसायला जागा नाही इतके पेशंट. तात्या: "हितं न्हाय मालिका चालायची."

शुक्र. ३१ जाने.
पुण्याचा रिपोर्ट. स्वरयंत्राचा कॅन्सर. यंत्र काढायचं, श्वासाला मानेत भोक. काढलं तर आशा आहे, नाही काढलं तर वर्ष, कदाचित तेवढंही नाही. आवाज कायमचा जाणार. डॉक्टर सगळं मला सांगत होते, मी मुलगा नाही की भाऊ नाही, तरी.

तात्यांनी एकच विचारलं. "हसू?"
डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. म्हणाले, हसता येईल की, आवाज येणार नाही इतकंच.

गुरु. ६ फेब्रु.
अजून होय-नाही काही नाही. दोन्ही मालिका पाहिल्या. उतारा कुणी काढला नाही.

वहिनी चुलीपाशी, माझ्याकडे न बघता: "आवाज जाऊ दे भावजी. मानूस ऱ्हाऊ दे."
तात्या बाहेरून: "मानूस म्हंजे? नुसतं कोपऱ्यात ठिवल्यालं गाठोडं?"
"व्हय. गाठोडं तर गाठोडं. माझ्या घरात ऱ्हाईल."

तात्यांनी आत येऊन पुण्याचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. म्हणजे ठरलं असावं.

गुरु. १३ फेब्रु.
मंगळवारी ऑपरेशन. मला एक कल्पना सुचली. माझ्या कल्पना सौ.ला आवडत नाहीत, म्हणून तिला सांगितली नव्हती. बातम्यांचा टेपरेकॉर्डर नेला, नवे सेल घातले. कॅसेट जुनीच, कुणाच्या तरी सत्काराचं भाषण होतं, त्यावरच भरायला लावलं. तात्यांचं हसू धरून ठेवायचं.

लॉ. सुरू झाली. मागची माणसं खो खो. तात्या मख्ख. "कुनी बघत असलं की मुतायला हुतंय का? तसं हाय ह्ये." पंधरा मिनिटं नुसतं त्या परक्या माणसांचं हसणं भरत राहिलं.

मग लाइट गेली. टीव्ही मेला, टेप सेलवर चालू. काडेपेटी शोधायला मी उठलो. वहिनी आतून ओरडल्या, "भावजी, हलू नका, खाली कुरडयाचं गहू भिजत घातल्यात!" तोवर माझा उजवा पाय घोट्यापर्यंत गव्हात. तीन दिवसांचे भिजलेले, वासासकट. पाय काढताना पातेलं कलंडलं आणि दुसराही गेला.

आणि तात्या हसले. फाटक्या आवाजात, पण मेंढरं वळतील असे. "शास्त्री बुडाला! आरं बुडाला!" पलीकडे अंधारात शिंदेबाई हसायला लागल्या, कशाला ते माहीत नसताना. त्यातच तात्यांनी हाक मारली: "कौसा! आगं कौसा, दिवा आन!"

वहिनींचं नाव कौसल्या आहे, हे वीस वर्षं त्या घरी जाऊन आज कळलं. तात्या 'आगं' म्हणायचे, नाहीतर 'ऐकलं का'.

घरी येऊन टेप ऐकली. सगळं आलंय. पातेल्याचा आवाजसुद्धा. कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मोडायचा राहिला. सौ. पाय धुऊन या म्हणत होती.

मंगळ. १८ फेब्रु.
पुणे. आत नेताना तात्या म्हणाले, "गव्हाचं पैसं दे वहिनीला." शेवटचं वाक्य माझ्यावर खर्च केलं. वहिनी शेजारीच उभ्या होत्या.

सहा तास. झालं.

रवि. २ मार्च
अजून पुण्यातच. नळीतून जेवण. मी बारामतीहून पाटी आणि खडूची पेटी नेली, माझा मलाच अभिमान. नर्स म्हणाली, छान केलंत. तात्यांनी पहिलं वाक्य लिहिलं: "लॉ. त काय झालं?"
मी पाहिली नव्हती. दोन बिऱ्हाडं, एक खोली, असं सांगितलं. मान हलवली. दुसरं काय होणार!

गुरु. १३ मार्च
भवानीनगर. तात्या घरी. मानेवर पांढरं फडकं. लॉ. लागली, मॅनेजर कपाटात अडकला, मागची माणसं हसली. तात्यांचे खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, फडकं फडफडलं, आणि भोकातून सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज. एवढंच. शास्त्रानुसार अधमातून थेट उत्तमात बढती. हा विनोद मी तिथे केला नाही, इथेही करायला नको होता.

जाताना शिंदेबाई कुंपणाशी: "तात्यांनी बघायचं सोडलं का वो?"

आणखी एक. तात्यांनी पाटीवर काहीतरी लिहून वहिनींपुढे धरलं. वहिनींनी पाटी माझ्याकडे दिली. "काय म्हंत्यात?" चष्मा नसेल म्हणून मी वाचून दाखवलं: "भाजीत मीठ कमी." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कळलं. वहिनींना वाचता येत नाही. ऑपरेशनच्या आधी इतक्या जणांनी इतकं विचारलं, हे कुणीच नाही. मी तर पाटी घेऊन गेलो, वर ऐट केली.

म्हणजे तात्या फक्त गुरुवारी बोलतात. बाकीचे सहा दिवस हातवारे.

गुरु. २७ मार्च
पुन्हा तुलना. पाटीवर: लॉ. सहा. द. बारा.
एवढी उलथापालथ? मी विचारलं.
लिहिलं: "लॉ. तली माणसं माझ्यावर हसत्यात असं वाटतं. द. त कुणीच हसत न्हाय. बरं असतं."
मग ओल्या बोळ्यानं पुसून: "तुझं खरं होतं."
वीस वर्षांत वादात पहिल्यांदा जिंकलो. विजय परत द्यायची सोय असती तर दिला असता.

गुरु. १० एप्रिल
वहिनींनी टेप मागितली. "येकडाव ऐकती." रेकॉर्डरसकट दिली, नाहीतरी मी हातानंच लिहितो. बटणं दाखवली; लाल सोडून कुठलंही दाबा. वहिनींनी वाजवायच्या बटणाला कुंकवाचा ठिपका लावला, म्हणजे चुकायला नको.

गुरु. २४ एप्रिल
गाळप संपलं. कॉलनीत शांतता, मळीचा वास तेवढा अजून. शिंदेबाई म्हणाल्या, तात्यांचं हसणं दुपारचं ऐकू येतंय, बरं झालं बाई, आवाज आला परत. वाजते ती टेप, हे त्यांना कशाला सांगू.

गुरु. ८ मे
लॉ. लावलीच नाही. पाटी.
"ती दुपारी त्या माणसापाशी बसते."
कुठल्या?
स्वतःच्या गळ्याकडे बोट. मग: "मी झोपलोय असं समजते. मी कुठला झोपतो. रोज. तोच अंधार, तेच गहू."
मी म्हणालो, तात्या, तो माणूस तुम्हीच.
"न्हाय. तो बोलतो."
वहिनी पाण्याला गेल्या होत्या. तात्यांनी स्वतः उठून कॅसेट काढली, माझ्या पिशवीत घातली. शेवटचं लिहिलं ते खडू मोडेपर्यंत दाबून: "तू पूस."

मीच भरली, मीच पुसायची. तसं न्यायाचं आहे.

सोम. १२ मे
वहिनी बारामतीला आल्या, तात्यांच्या मानेच्या नळीसाठी. ऑफिसच्या पायरीवर उभ्या. आत या म्हटलं तर येईनात.
"भावजी, क्यासेट तुमच्याकडं हाय न्हवं."
होय म्हणालो.
"त्यांनी दिली, व्हय ना? त्यास्नी वाटतंय, मी हसनं ऐकती." पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "हसनं काय, जलमभर ऐकलंय. कान किटलं. शेवटाला हाक हाय, तेवढी ऐकती. लगीन झाल्यापास्नं येकदाच मारली. अंधारात कुनी बघत न्हाय म्हनून."
मग म्हणाल्या, "त्यास्नी सांगू नका."

गुरु. १५ मे
सांगितलं. वहिनी आत असताना, हळू.

दवाखानावालीत कंपाउंडर बाकडं पुसत होता. तात्यांनी पाटी घेतली, मोठ्या अक्षरांत लिहिलं, उठून आत गेले, वहिनींपुढे धरली. मी दारात.
वहिनी: "काय म्हंत्यात भावजी?"
वाचणं भाग होतं. वाचलं. "कौसा."

वहिनींनी चटकन पदर डोक्यावर घेतला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे, आणि तळहातानं पुसून टाकली. बाईमाणसाचं ते नाव माझ्या तोंडून यायचं नव्हतं. नव्हतंच यायचं. बाहेर येऊन चपला घातल्या. द. अर्धीच राहिली.

मंगळ. २० मे
सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनींना अक्षरं शिकवा. सगळी नकोत. दोन शिकवा." मग म्हणाली, "आणि ते तुम्ही नाही शिकवायचं. तात्यांनी." काहीच न बोलणारा मास्तर. जमेल का? मी पाठशाळेत बारा वर्षं काढली, अशी शाळा पाहिली नाही.

बुध. २१ मे
सकाळी बारामतीत तपासणी. मानेच्या डाव्या बाजूला गाठ लागतेय. ऑपरेशनची सूज असेल, नसेल, पुण्याला सोमवारी. तात्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर पाटी ठेवून लिहिलं: "दार परत मोडलं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, काही नाही, आमचं एक आहे.

बसस्टँडवर ऊन. वहिनी नळावर पाणी भरत होत्या. पेपरात जाहिरात चालू आहे, उद्या दवाखानावालीत पहिला पेशंट येणार. तात्यांना सांगितलं. लिहिलं: "येऊ नये."
का?
"मग संपली."

येष्टी लागली. चढताना तात्यांनी माझ्या पिशवीला हात लावला, बोटांनी चाचपलं. कॅसेट आत नव्हती, घरी टेबलाच्या खणात होती. पुसली का, असं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गाडी सुटली, तेव्हा वहिनी खिडकीत होत्या आणि तात्या पाटी मांडीवर घेऊन बोटानं, खडू न घेता, काहीतरी काढत होते. वहिनींचं लक्ष त्या बोटाकडे होतं. एवढंच दिसलं.

संध्याकाळी कॅसेट पिशवीत घातली. काढली. पुन्हा घातली. उद्या गुरुवार, चारची गाडी. कडेचा तुकडा अजून धड आहे. मोडला की तात्या म्हणाले तरी मला पुसता येणार नाही. अंगठा त्यावर ठेवून बघितला. सौ.नं जेवायला हाक मारली, 'अहो' अशी.