पहिल्या पानावरची ओळ

मल्लेश्वरम, बेंगळूरु
मंगळवार

प्रिय अनू, माझ्या चित्रकार लेकी,

तुझं पाकीट काल सकाळी मिळालं. मी फाटकाशी सडा घालत होते. कुरिअरवाला लांबूनच ओरडला, अक्का, स्वल्प थांबा, पुस्तक आहे, भिजेल. मी हात पुसले आणि सही केली. सुटी पानं आहेत, अजून शिवायची आहेत, असं तू लिहिलं होतंस. तरी मी ती नीट लावली, कडा जुळवल्या आणि मगच खिडकीशी वाचायला बसले. कालपासून चार वेळा वाचून झालं. शब्द कुठे अडतात, मुलांना कुठे कळणार नाही, हे शुक्रवारच्या आत कळव, शुक्रवारी छापायला जातंय, असं तुझं म्हणणं. ते कळवतेच. पण पहिल्या पानावर तू एक ओळ घातली आहेस, ‘माझ्या आईला, जिनं दार उघडलं’, तिच्याबद्दलही मला लिहायचं आहे. छापायच्या आधीच लिहायला हवं. फोनवर जमलं नसतं. फोनवर तू, आई, आधी मला बोलू दे, म्हणतेस. मी थांबते, आणि मग माझं राहूनच जातं.

आधी पुस्तकाचं सांगते. फार छान झालंय गं. तो बर्फ, त्या उतरत्या छपरांच्या घरांच्या रांगा, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची ती एवढीशी खिडकी. मार्थाला तू माझं नाक दिलं आहेस, ते पहिल्याच चित्रात ओळखलं. निदान तिकडे तरी जरा बारीक करायचं होतंस. गोष्ट सोपी ठेवलीस हे बरं केलंस. परदेशातलं गाव, लढाई चालू आहे, दुसऱ्या देशाची फौज गावात येऊन बसली आहे. ज्यू माणसांना धरून न्यायचा हुकूम निघतो. मार्थाच्या शेजारचं घड्याळवाल्याचं कुटुंब ज्यू आहे. मार्था त्यांना आपल्या माळ्यावर हिवाळाभर लपवते. शिपाई येतात, ती त्यांना सूप वाढते आणि परत पाठवते. माळ्यावरची मुलगी कौलाच्या फटीतून आकाशातला एकच तारा बघते, तिथे मी दोन्ही दिवस अडखळले. तुझे अण्णा असते तर त्यांनी ते पान शेजारीपाजारी दाखवून आणलं असतं. त्यांना जाऊन येत्या माघात चार वर्षं होतील. अजून काही चांगलं वाचलं की मी मान वर करून त्यांच्या खुर्चीकडे बघते. सवय आहे, राहू दे.

आता चुका. बाराव्या पानावर मार्था पाववाल्याकडून एकदम तीन मोठे पाव घेते. एकटी बाई तीन पाव घेईल तर पाववालाच पहिला विचारेल, पाहुणे आलेत का? माणसं लपवली की ती आधी खाण्यावरून उघडी पडतात. आपल्याकडे शेजारची सेल्वी लपून होती त्या तीन दिवसांत कर्फ्यू सुटला की मी अर्धा लिटर दूध आपल्या बूथवरून घ्यायची आणि अर्धा लिटर दोन रस्ते सोडून दुसऱ्या बूथवरून. तेव्हा मार्थाला दोन दुकानांत पाठव. दुसरं, ज्यू म्हणजे कोण ते एका ओळीत सांग. मी शनिवारी खालच्या मजल्यावर मुलांना वाचून दाखवते हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात तू पाठवलेली कच्ची चित्रं त्यांना दाखवून ही गोष्ट मी कन्नडमध्ये सांगितली. पहिल्या घरातली रक्षिता, दुसरीतली, तिनं विचारलं, अज्जी, ते लोक दिसायला वेगळे होते का? मी म्हटलं, नाही गं, तुझ्यामाझ्यासारखेच. मग ती म्हणाली, “मग शिपायांना कसं कळलं ते कुठल्या घरात राहतात?” मी म्हटलं, शेजाऱ्यांनी सांगितलं असेल. पोरं पुढच्या चित्राकडे वळली. मी मात्र त्या वाक्याशीच राहिले. मुलांना परत पाठवलं आणि सतरंजी न गुंडाळता तिथेच बसून राहिले.

अनू, सेल्वीची गोष्ट तू अण्णांच्या तोंडून ऐकली आहेस. ते ती लग्नामुंजीत सांगायचे. एक्याण्णव सालचा डिसेंबर, कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलेलं, तमिळ लोकांची घरं शोधून मारहाण चाललेली. शेजारची सेल्वी कडेवर तान्ही पोर घेऊन एकटी, तिचा नवरा सेलमला त्याच्या आईच्या कार्याला गेलेला. ‘आमच्या विमलानं तिला तीन दिवस घरात ठेवलं, गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिला घातलं, आणि दारात आलेल्या टोळक्याला सांगितलं, ही माझी बहीण, बेळगावची.’ एवढं सांगून ते माझ्याकडे बघायचे, आणि मी, पुरे झालं आता, जेवायला बसा, म्हणायची. सगळ्यांना वाटायचं मी लाजते.

त्यांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. सेल्वीच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यातली ताळी होती, तमिळ बायका घालतात ती. ती काढायला ती कबूल होईना, नवरा परगावी आहे, अक्का, नको म्हणाली. म्हणून ती पोलक्याच्या आत सरकवली आणि वर माझे काळे मणी घातले, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचसहा जण आले. मी दार उघडून उभी राहिले. त्यांतला एकजण आपल्याला रॉकेल आणून द्यायचा. त्यानं आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, अक्का, अण्णा बरे आहेत ना? घाईत स्वतःच्या गळ्याचं मी विसरलेच होते. मी म्हटलं, बरे आहेत, ऑफिसला गेलेत, मंगळसूत्र सोनाराकडे ओवायला टाकलंय. आत सेल्वी पोळपाटाशी बसून कणीक मळत होती. तिला कन्नड येत होतं पण हेल तमिळ, म्हणून तिनं तोंड उघडलं नाही. ते गेले.

हे दुसऱ्या दिवसाचं. पहिल्या दिवसाचं अण्णांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांना ते माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं मला सांगितलं होतं, तुमच्या घरात मराठी बोलतात, पोरीला बाहेर सोडू नका, तुम्हीही तोंड बंद ठेवा. आपण शहाजीराजांच्या वेळेपासून या मुलखातले, माझं शाळेतलं शिक्षण कन्नडमध्ये, मराठी अक्षरं तर मी लग्नानंतर बेळगावहून येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवरून स्वतःची स्वतः शिकले. तरी त्या दिवशी मला एवढंच कळलं की आपण इथले नाही असं कुणीही म्हणू शकतं. मी घरी येऊन दाराला वरची आणि खालची, दोन्ही कड्या लावल्या. तू सहा वर्षांची होतीस. बारा वाजता दार वाजलं. जोरात नाही, बोटांनी. मग आवाज आला, “अक्का. अक्का, मी सेल्वी.”

तू ‘अत्ते’ म्हणून हाक मारणार होतीस. तिला तू अत्तेच म्हणायचीस. मी तुला ओढून दारामागे घेतलं आणि तुझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट ठेवला. तिला वाटावं घरात कुणी नाही, एवढंच माझ्या मनात होतं. ती परत एकदा म्हणाली, अक्का. पोर किरकिरत होती. मी श्वास धरून उभी होते. आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

त्यानंतर तिनं दार वाजवलं नाही. चपलांचा आवाज लांब गेला, तेवढा ऐकला. मी गॅस बंद केला. तुला भात कालवून भरवला. चार वाजता अण्णा मागच्या बोळातून घरी आले, चपला काढायच्या आधी विचारलं, सेल्वी कुठे आहे? मी भिंतीकडे बोट दाखवलं. ते तसेच मागच्या भिंतीवरून उतरले. ती तिच्या न्हाणीघरात, पाणी तापवायच्या हंड्यामागे, पोरीला अंगाशी दाबून चार तास बसली होती. त्यांनी दोघींना आणलं. आल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पोरीसाठी कोमट पाणी मागितलं. मग मी जे जे केलं ते केलं, दूध, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं. अण्णांना वाटलं मी घाबरून गप्प आहे. त्यांनी मला शूर ठरवलं आणि मी ठरू दिलं. पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. मग दहा वर्षं झाली, मग वीस. त्यांच्या शेवटच्या आजारात दवाखान्यातही एका दुपारी तोंडापर्यंत आलं होतं, पण ते नर्सला तीच गोष्ट सांगत होते.

तुझं सोळावं पान. शिपाई दारात आहेत आणि माळ्यावर आईनं लेकीच्या तोंडावर हात ठेवला आहे. सगळ्या पुस्तकात ते चित्र सर्वांत सुंदर आहे. बोटं किती मायेनं काढली आहेस. मध्ये तू त्या मुलाखतीत म्हणाली होतीस, लहानपणीची पहिली आठवण म्हणजे दारामागे आईच्या कुशीत, तोंडावर तिचा हात, आणि मला जरासुद्धा भीती वाटत नव्हती. अनू, तो हात मी ओळखते. त्या वेळी आपल्या दाराबाहेर शिपाई नव्हते. सेल्वी होती. तुला भीती वाटली नाही याचं मला बरं वाटतं. ते पान बदलू नकोस, मार्थाच्या गोष्टीत ते खरंच आहे. फक्त तुला ठाऊक असावं.

सेल्वीला ठाऊक होतं की नाही, हे मला तीस वर्षं कळलं नाही. ती होसूरला राहायला गेली, पोंगलला ऊस आणि तांदूळ पाठवत राहिली. अण्णा गेले तेव्हा आली, माझ्याजवळ आठ दिवस राहिली. एका सकाळी दोघी स्वयंपाकघरात होतो, शिट्टी झाली, आणि ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “अक्का, तुमचा कुकर अजून तसाच ओरडतो.” मी तिच्याकडे बघू शकले नाही. तिनं चिरलेली भाजी माझ्यापुढे सरकवली आणि मीठ किती घालू विचारलं.

काल संध्याकाळी तिचा फोन आला होता. तू तिला परस्पर फोन करून प्रकाशनाला बोलावलंस म्हणे, सगळ्यात पुढची खुर्ची तिची. फार आनंदात होती, लेकीला आणि नातीलाही आणते म्हणाली. मग म्हणाली, अक्का, मला मराठी वाचता येत नाही, अनूनं पहिल्या पानावर तुमच्याबद्दल काहीतरी लिहिलंय म्हणते, तेवढं तुम्ही मला कन्नडमध्ये वाचून दाखवायचं. मी सरी, बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. आणि कागद घेतला. अनू, मी दार उघडलं ते टोळक्याला. सेल्वीला नाही. तिच्याशेजारी बसून तू लिहिलेली ओळ मला वाचता येणार नाही, आणि वाचली तर ती ऐकून घेईल, हेच मला सोसणार नाही. माझं नाव काढ असं मी म्हणत नाही. तुला माझं नाव घालावंसं वाटलं, त्यातच तू मला कितीतरी दिवस पुरेल एवढं दिलं आहेस. पण शुक्रवारच्या आत ती ओळ बदल. काय लिहायचं ते तू ठरव, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. फक्त सेल्वीच्या डोळ्यांकडे बघून मोठ्यानं वाचता येईल, अशी लिही.

तुझीच, जशी आहे तशी,
आई