भंगुर ताऱ्यांच्या बाटल्या आणि माझं अक्षर

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे तुमची बहीण मजेत आहे आणि मी तिचा नवरा आहे.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या प्रयोगशाळेला रंग द्यायचा होता, म्हणून तिनं ध्रुवाकडच्या समुद्रातल्या भंगुर ताऱ्यांच्या बाटल्या घरी आणल्या. (मधे चकती, भोवती पाच लांब बारीक हात, जरा धरायला गेलं की हात तुटतो, पण नवा फुटतो.) स्पिरिटच्या प्रत्येक बाटलीत एक मळका कपटा, त्यावर कुठल्या समुद्रातला ते पेन्सिलीनं, तिच्या त्या किरट्या अक्षरात. आता माझं अक्षर तुम्ही जाणता. शाळेतल्या सगळ्या पाट्या मलाच लिहायला लावतात. मला काही राहवेना. ती बाहेर गेल्यावर कपटे काढून टाकले आणि कोऱ्या कागदावर फाउंटन पेननं अशा चिठ्ठ्या लिहिल्या की छापखान्यानं लाजावं. संध्याकाळी स्पिरिट निळं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल नाही, हे मला या वयात कळलं. कपटे तोवर कचऱ्याच्या गाडीतून गेले होते.

ती ओरडली नाही. ‘शाई?’ एवढंच म्हणाली आणि खुर्चीत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रयोगशाळेचा रंग वाळल्याबरोबर तिनं एकेकाच्या हाताचं टोक कापून जनुकं वाचायला घेतली, आणि दादा, खरंच धन्य आहे तुमची बहीण. म्हणे, यातली एक जात पिल्लं पोटातच वाढवते. ती आईला सोडून लांब जातच नाहीत, त्यामुळे हजारो वर्षांत प्रत्येक किनाऱ्याचं घराणं निराळं झालंय. दिसायला सगळे सारखे, पण हिनं जनुकांवरून एकेकाला बरोबर आपापल्या घरी पोचवलं. दुसरी जात मात्र पिल्लं प्रवाहात सोडून देते. ती समुद्रभर फिरून जिथेतिथे सोयरिकी जुळवतात, त्यामुळे कोण कुठला ते जनुकांनाही सांगता येईना. त्या बाटल्या फुकट गेल्या.

तेव्हा ते तारे पुन्हा गोळा करायला ती चार महिने जहाजावर चाललीय. मला तिचं फार कौतुक वाटतं. मी इथे खुशाल राहीन, काळजी नसावी. (काल तिची बॅग भरताना लक्षात आलं, मी पहिल्या जातीतला आहे.)

तुमचा,
मेहुणा

ता. क. जहाजावर बाटल्यांच्या चिठ्ठ्या लिहायला एक माणूस हवाय, आणि कुणाला न्यायचं ते तिच्या हातात आहे. ती ऐकते ते फक्त तुमचं. माझ्या अक्षराचा विषय सहज काढाल का? मी रजेचा अर्ज देऊन बसलोय. चार महिने तिच्याशिवाय मला करमायचं नाही, दादा.

आणखी एक. निघण्याआधी ती तुमच्या पाया पडायला येईल, तेव्हा हे पत्र तिला जरूर दाखवा. पेन्सिलीनं लिहिलंय.