दाजी की बाळू

३ फेब्रुवारी
चिमीच्या मानेवरची पिसं पुन्हा गेली. काल रुपयाएवढं उघडं होतं, आज तळहाताएवढं, आणि रक्त. डाव्या पायाने लंगडते. मांजर म्हणावं तर परसातली जाळी शाबूत. मुंगसाने जिवंत सोडलं नसतं. पाच बदकांतल्याच कुणाचं तरी काम आहे.

५ फेब्रु.
चिमीला घेऊन गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टर हसले. "कितने नर हैं?" दोन. "और मादा?" तीन. "फिर तो यही होगा, आंटी. एक नर पर चार-पाँच मादा चाहिए. एक को हटाइए." मलम दिलं.
पिल्लं घेताना बरुआसागरच्या रामसेवकने शपथेवर सांगितलं होतं, नर एकच आहे. दुसऱ्याच्याही शेपटीचं पीस वर वळलं तेव्हा कळलं. तेव्हापासून त्या माणसावर माझा...

६ फेब्रु.
कोणता हटवायचा? मला तर दाजीच वाटतो. थोराड, ताटलीवर सगळ्यांच्या आधी. बाळू गरीब, माझ्या पायाशी येऊन बसतो. हे म्हणाले, "दाजीला तसं करताना पाहिलंस तू?" पाहिलं नाही. पण दिसतंच ना.
हे त्याची बाजू घेणारच. पौषाच्या थंडीत तो आजारी पडला तर मफलरमध्ये गुंडाळून चार दिवस खुर्चीशी ठेवला होता. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून हे इतकं कुणाशी बोललेले नाहीत.

९ फेब्रु.
हे दात दाखवायला इलाइट चौकात गेले. मी दाजीला टोपलीत घालून बसने बरुआसागर. रामसेवकच्या तळ्यात तीस-चाळीस बदकं. "मादा बहुत हैं यहाँ, आराम से रहेगा."
"काटोगे तो नहीं?"
"राम राम, बहनजी." नजर मात्र दुसरीकडे.
संध्याकाळी हे परसात गेले, लगेच परत आले. "विचारायचं होतंस." एवढंच. जेवले नीट.

१४ फेब्रु.
चिमीची जखम भरत नाही. आता दुसऱ्या मादीच्या, ठमीच्या मानेवरही. दाजी नसताना? म्हणजे—
नको. आधी डोळ्यांनी बघते.

१५ फेब्रु.
दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत मुद्दाम उभी राहिले. बाळूने चिमीला भिंतीशी गाठलं. मान चोचीत धरून चढला. ती ओरडत होती, हा सोडेना. मग ठमी. मी बाहेर गेले तसा आला आणि माझ्या पायाशी बसला.
त्याला वेगळ्या पिंजऱ्यात टाकला. ह्यांनी पिंजरा पाहिला, विचारलं काही नाही. ह्यांना आधीच ठाऊक होतं? मग मला वेळीच स्पष्ट का नाही सांगितलं?

१७ फेब्रु.
जेवताना सांगून टाकलं. माझी चूक झाली, हेही. ह्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "आणू त्याला परत."
रामसेवकला फोन. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा, "हाँ हाँ, है ना. परसों आ जाइए."
उद्या का नाही?

१९ फेब्रु.
दोघं गेलो. रामसेवकने उपड्या टोपलीखालून एक नर काढला. "यही है, बहनजी. आपके लिए अलग रख दिया था." तसंच काळपट डोकं, तशीच वळलेली शेपटी. पण मान बारीक वाटली. दहा दिवसांत उतरला असेल. नाही तर...
ह्यांनी पोटाखालून हात घालून उचलला. त्याने पाय झाडले. ह्यांच्या हातात दाजीने कधी पाय झाडले नव्हते. हे थोडा वेळ तसेच धरून उभे.
"आपलाच आहे," म्हणाले.
रामसेवक माझ्याकडे बघत होता, ह्यांच्याकडे नाही.
बसमध्ये टोपली ह्यांच्या मांडीवर. मी विचारलं, "नक्की ना?"
"हो गं." खिडकीबाहेर बघत.

२१ फेब्रु.
चिमीला खपली धरली. परत आणलेला हा तिच्या वाटेला जात नाही. अजून तरी. बाळू पिंजऱ्यातच. आणखी पाच-सहा माद्या आणल्या तर त्यालाही सोडता येईल, हे म्हणतात. रामसेवककडून मुळीच नाही, मी म्हटलं.
सकाळी हे चहा घेऊन परसात बसले होते. तो लांब, भिंतीशी. हे त्याच्याकडे बघतात, दाणे टाकतात. दोन दिवसांत नावाने हाक मात्र एकदाही मारलेली नाही.
शेवटी मीच खिडकीतून मारली. दाजी.
त्याने मान वर केली. पिंजऱ्यातल्या बाळूनेही केली.